फ्लेक्सचं इरलं

त्या वर्षांत आमच्या नांदे गावात हातात टेप घेऊन उभं राहायची सोय नव्हती. गोठ्याची भिंत मोजायला घेतली तरी रस्त्यानं जाणारा थांबायचा आणि विचारायचा, "काय, इकायला काढलं व्हय?" म्हशीच्या दावणीची लांबी मोजली तरी तेच. हिंजवडीत कंपन्या आल्या, मागोमाग कंपन्यांच्या गाड्या आल्या, त्या गाड्यांतली माणसं राहणार कुठं म्हणून पार चांद्यापर्यंत टॉवर आले. आणि टॉवरांच्याही पुढं धावत काळ्या काचांच्या पांढऱ्या गाड्या आल्या. त्यातून चकचकीत बुटांची माणसं उतरायची, बांधावर उभी राहून लांबवर बघायची आणि म्हणायची, "काका, जरा पाणी मिळेल का?" पाणी प्यायला कुणी येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्यामुळं सगळ्यांचा सगळ्यांवर डोळा. कुणाच्या दारात गाडी थांबली, कोण धुवट कपडे घालून पौडच्या कचेरीत गेलं, कुणी नवा मोबाईल घेतला, याची खबर दूध काढायच्या आत गावभर. मीही डोळा ठेवायचे. मी कुठली साध्वी लागून गेले होते!

आमच्या घराचं एक बरं होतं, चूल एक होती. अप्पा म्हणजे माझे वडील आणि तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आई आणि काकी एकाच परातीत पीठ मळायच्या आणि एकमेकींच्या भाकरीला नावं ठेवायच्या. शेत काही फार नव्हतं. जे होतं त्यात जीव अडकलेला तो ओढ्याकडच्या खाचरात. ओढा तिथं एक वाकडा वळसा घेतो, वळशावर जांभूळ आहे आणि त्या वळशाच्या कुशीत आमचं भाताचं खाचर. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं. आजोबा गेल्यावर दोघांनी भैरवनाथाच्या देवळात बेलभंडार उचलला होता, की दुसऱ्याला विचारल्याबिगर हे खाचर कुणी विकायचं नाही. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवापुढं बोललेला शब्द. आमच्याकडं त्याच्या वरती कोर्ट नाही. गावात घरं फुटत होती, अंगणात मधोमध विटांच्या भिंती उभ्या राहत होत्या, आणि आमच्याकडं अजून एका परातीत पीठ मळलं जात होतं, ते त्या भंडाऱ्याच्या जोरावर.

मी तेव्हा पुण्यात फॅशन डिझाईन शिकत होते. गावाच्या लेखी शिवणक्लास. अप्पा नको म्हणत होते. "शिवनच शिकायचं तर पौडला शिक," म्हणाले. तात्यांनी भांडून मला तिथं घातलं. "आपल्या घरातलं एक तरी पोरगं असं कायतरी करू दे जे आपल्याला कळत न्हाई," हे त्यांचं वाक्य. सकाळी मी बसला निघाले की फाट्यापर्यंत सायकलवर सोडायला तेच यायचे. म्हणून पुढं जे झालं त्याचा राग मला अजून येतो. परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून विसरून गेले असते.

कॉलेजातल्या आमच्या मॅडमनी त्या हिवाळ्यात काम दिलं. "तुमच्या घरात अंगावर घालतात, पण जिला कुणी कपडा म्हणत नाही, अशी एक वस्तू शोधा. तिच्यावरून अंगावर घालता येईल असं काहीतरी बनवा. खुळचट झालं पाहिजे. बघणारा हसला पाहिजे, आणि मग त्यानं परत एकदा नीट बघितलं पाहिजे." मला वाटलं ही बाई आमची मजा बघतेय. वर्गातल्या शहरी पोरी लगेच आपापसात कुजबुजायला लागल्या. मी माझी कल्पना कुणाला सांगितली नाही. तिथं कल्पना सांगणं म्हणजे दारात चपला काढून ठेवण्यासारखं होतं, परत मिळतीलच असं नाही.

माझी कल्पना होती इरलं. आमच्या मुळशीच्या भाताच्या मुलखात बायका लावणीला वाकायच्या तेव्हा पावसात पाठीवर इरलं घ्यायच्या. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कांबट्यांचा सांगाडा आणि मध्ये दाबून बसवलेली पळसाची पानं. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं, उपड्या होडीसारखं. आता खताच्या गोणीची खोळ करतात नाहीतर प्लॅस्टिक गुंडाळतात, इरलं कुणी बांधत नाही. मला पानांच्या जागी फ्लेक्स लावायचा होता. रस्त्यावर बिल्डरांचे मोठे मोठे फ्लेक्स लागलेले, निळेशार पोहायचे हौद, हिरवळीवर बसून हसणारी कुटुंबं. त्या हसणाऱ्या माणसांचं इरलं घालून भात लावायचा! मला एकटीलाच बसमध्ये हसू फुटलं होतं.

तात्यांना सांगितलं तर तेही खदखदून हसले. स्वतः माळ्यावर चढले आणि आजीचं जुनं इरलं खाली काढलं. पानांचा भुगा झाला होता, पण सांगाडा शाबूत. फडक्यानं पुसला, डोक्यावर घेतला आणि पडवीभर वाकून लावणी करत हिंडले. काकी चुलीपुढून ओरडली, "आवं, वय काय तुमचं!" तात्या म्हणाले, "माझ्या आईचं हाय, मी घालीन न्हाईतर नाचीन." त्यांचं मन इतकं मोकळं मी नंतर कधी बघितलं नाही.

आता फ्लेक्स पाहिजे. रस्त्यावरचा काढला तर चोरी. मी सरळ चांद्याच्या फाट्यावरच्या एका बिल्डरच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, आत गारगार. तिथल्या माणसाला म्हटलं, जुने फ्लेक्स असतील तर द्या. त्यानं मला खालून वर बघितलं.

"कशाला पाहिजेत?"

"ड्रेस शिवायचाय."

"मॅडम, तुम्ही पेपरवाल्या आहात का?"

म्हटलं, पेपरवाली असते तर बसनं आले असते का! त्याचा विश्वास काही बसला नाही, पण मागच्या शेडमधून तीन गुंडाळ्या आणून दिल्या. दोन उन्हानं विटलेल्या. तिसरी कोरी करकरीत, तारेनं आवळलेली. "ही नवीनच आहे, पण फोन नंबर चुकीचा छापला म्हणून बाद केली," म्हणाला. मी तिन्ही गुंडाळ्या काखेत मारून भर दुपारी फाट्यावर उभी राहिले. बघणाऱ्यांनी बघितलंच असणार. फाट्यावर काय कमी डोळे होते?

पन्हा मोजला. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, तो कळल्याशिवाय नमुना काढता येत नाही. मग पडवीत खाकी कागद अंथरून मी नमुना काढायला बसले. आता ज्याला शिवणकाम माहीत आहे त्याला कळेल, अंगावरच्या कपड्याचा नमुना अर्धाच काढतात. कापडाची घडी घालून त्यावर अर्धा ठेवला की उलगडल्यावर पूर्ण मिळतो. मी अर्धा काढला. एका बाजूला खांद्याचा खोलगट वाक. वाकाला लागून, बोटभर अंतर सोडून, शिलाईच्या जागेची दुसरी रेघ. मधून दोन समांतर रेघा, तिथं कांबटी बसणार. बाकीच्या जागेचे चौकोन, कारण फ्लेक्सचे तुकडे जोडायचे होते, आणि प्रत्येक चौकोनाला नंबर. हिरवळीचा तुकडा जिथं लावायचा तिथं हिरवा खडू, पोहायच्या हौदाचा तिथं निळा. काढून झाल्यावर मीच लांब उभी राहून बघितलं आणि स्वतःवर खूष झाले. कागद तिथंच ठेवून जेवायला गेले.

जेवून आले तर तात्या कागदाशी उभे. हात पाठीमागं. मी म्हटलं, "तात्या, कसं झालंय?" ते चप्पल घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून घराचा वारा फिरला. तात्या जेवायला अप्पांच्या आधी बसायला लागले. फाट्यावर सोडायला येईनात. एकदा मी परत आले तर त्यांनी दारातच विचारलं, "कुनाच्या गाडीनं आलीस?" बसनं, म्हटलं. "तिकीट दाव." मी तिकीट दाखवलं. दाखवलं आणि मग मला असा संताप आला! मी काय चोर? माझ्या मनात पाल चुकचुकली, पण ती भलत्याच दिशेला. मला वाटलं, कॉलेजातल्या एखाद्या मुलासोबत मला बघितल्याची कुणीतरी कंडी पिकवली असणार.

काकी माझ्याशी गोड बोलायला लागली, ते तर आणखी वाईट. काकी कधीच गोड बोलत नाही. "पोरी, तुझ्या बापाचं काय चाललंय सध्या?" तिनं भाकरी थापता थापता विचारलं. म्हटलं, काही नाही, गोठा आणि शेत. "आसं व्हय," म्हणाली आणि भाकरी तव्यावर अशी आपटली की तवाच हलला.

मीही मग टेहळणी सुरू केली. तात्यांनी मोबाईल घेतला होता. बोलायचं असलं की शेणखताच्या खड्ड्याशी जायचे, तिथं रेंज येते म्हणे. दोन वेळा त्यांना गिरणीपाशी पांढऱ्या गाडीतून उतरताना बघितलं. विचारलं तर म्हणाले, "लिफ्ट दिली एकानं." गावात तेव्हा लिफ्ट कोण कुणाला फुकट देत होतं? पण तात्यांवर संशय घेणं माझ्या डोक्यातच बसेना. ज्या माणसानं मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत नेलं, त्याच्यावर कसा घ्यायचा? मी तो विचार झटकून टाकला आणि फ्लेक्स शिवत बसले. मशिनच्या सुया पटापट तुटल्या, मग दाभण आणि नायलॉनचा दोरा. बोटांची चाळण झाली.

मग एका रविवारी सकाळी माझा खाकी कागद जागेवर नव्हता.

तो पडवीत होता. तात्यांनी अंथरला होता. चार कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, पानाचा डबा आणि स्वतःची एक चप्पल. कॉलेजच्या कामावर चप्पल! मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी अप्पांना हाक मारली. आई आणि काकीही बाहेर आल्या.

"बस हितं," तात्या अप्पांना म्हणाले. "बस आन् सांग, ह्ये काय हाय."

"कागद हाय," अप्पा म्हणाले.

"कागद हाय ते मला बी दिसतंय. खाचर कुनाचं हाय कागदावर?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी तात्यांकडं. मला काही उमगेना.

"बेलभंडार उचललावतास माझ्यासंगं," तात्यांचा आवाज चढला. "देवापुढं! आन् पोरीला फुडं करून पलाट पाडायला निगालास? आरं, त्या बिल्डरच्या हापिसात पोरगी गेलती, समद्या फाट्यानं बगितलीया. भेंडोळी घिऊन आली. मला येडा समजलास का तू?"

आणि खाली वाकून त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो ओढ्याचा वळसा. निम्मंच काढलंय, म्हंजे तुझ्याच हिश्शाचं. भावाला दावायचं न्हाई. ह्या मधल्या दोन रेघा, नऊ मीटरचा रस्ता. ह्ये पलाटाचं नंबर. ह्ये हिरवं म्हंजे ओपन स्पेस, ती सोडल्याबिगर मंजुरी मिळत न्हाई. ह्यो निळा, पवायचा हौद. आन् वळशाच्या कडंनं ही दुसरी रेघ, नाल्यापासनं सोडायचं अंतर. लई पद्धतशीर काढलंय. सांग आता, ह्ये काय हाय!"

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं आणि मी अशी हसले की पडवीतल्या कोंबड्या पळाल्या. हसता हसता रागही आला. "तात्या, खांदा हाय ह्यो! खांदा! वळसा कसला डोंबलाचा!" मी कागद उचलला, चप्पल उडवून दिली, आणि कागद अंगाला लावला. "बगा. ही मान. हा खांदा. ही शिलाईची जागा. रस्ता न्हाई, हितं कांबटी बसती. निम्मा हाय कारन कपड्याचा नमुना निम्माच काढतात!" आत पळत जाऊन मी अर्धं शिवलेलं इरलं आणलं आणि डोक्यावर घातलं. माझ्या खांद्यावर पोहायचा हौद, कानाशी दात दाखवणारी एक बाई. आई पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली आणि हसायला लागली. "आवं भावजी, पोरीच्या झंपराचा पलाट केला की तुमी!"

मला वाटलं, आता तात्या हसतील. ते हसले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तात्या हसले नाहीत. काकीही हसली नाही. ती भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होती.

अप्पा पण हसले नाहीत. आमच्या घरात ते सगळ्यात कमी बोलणारे. कागदाची घडी घालत त्यांनी हळूच विचारलं, "दादा, नाल्यापासनं अंतर सोडावं लागतंय, ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"समद्यांना ठावं हाय."

"मला न्हाई ठावं."

"पेपरात येतं."

"आपल्या घरी पेपर येत न्हाई, दादा."

आईचं हसणं थांबलं. बाहेर ओट्यावर आम्ही भाड्यानं दिलेल्या खोल्यांतला एक भाडेकरू, कंपनीतला मुलगा, कुणाशी तरी फोनवर हिंदीत बोलत होता, ते सगळं स्पष्ट ऐकू यायला लागलं. काकी उठून आत गेली.

"सही केलीया म्या," तात्या म्हणाले. मग एकदम उसळून, "केली! गेल्या मंगळवारी. ह्यो कागद बगितला म्हनून केली. तू इकून मोकळा व्हनार, आन् मी भंडारा कुरवाळीत बसू? तुझ्या पोरीनं ह्यो कागद मांडला नसता तर म्या पेनाला हात बी लावला नसता. हिच्या कागदापायी झालं ह्ये." आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी अजून इरलं डोक्यावर घेऊन उभी होते.

चूल त्याच दिवशी वेगळी झाली. काकीनं आपला पोळपाट उचलला आणि मागच्या खोलीत स्टोव्ह मांडला. आता पंचाईत अशी की तात्यांनी आपला हिस्सा बिल्डरला दिला म्हणजे अर्ध्या खाचरात बिल्डर आणि अर्ध्यात अप्पा. असा अर्धा किती दिवस टिकतो ते आम्ही चार घरांत बघितलं होतं. एके दिवशी गाडी येते, वाट बंद होते, मग उरलेला अर्धा मुकाट्यानं जातो. अप्पा रोज खाचरात जाऊन बसायचे. काम काही नव्हतं, भात झोडून पेंढा रचून झाला होता. नुसतेच बांधावर बसून यायचे.

घरात मला कुणी काही बोललं नाही. न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट असतं. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "पोरीच्या कागदानं घर फोडलं." मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. मी पुन्हा पुन्हा तो कागद आठवायचे. हिरवा खडू लावला नसता तर? नंबर घातले नसते तर? त्या मंगळवारच्या आधी तात्यांना एकदा धरून सांगितलं असतं तर? झोप नाही, जेवण नाही. शेवटी एका सकाळी मी इरलं आणि फ्लेक्स सगळं गोळा केलं आणि चुलीकडं निघाले. म्हटलं, नापास झाले तरी चालेल, हे खूळ आधी जाळते.

अप्पांनी हात धरला. "फ्लेक्स चुलीत घालतीस? समद्या घरात वास सुटंल." मग म्हणाले, "काढलंय तर पुरं कर. किती ऱ्हायलंय?"

"पाठ राहिलीय."

"मग चल. मी धरतो."

पाठीसाठी तिसरी गुंडाळी शिल्लक होती, तारेनं आवळलेली, न उघडलेली. ती इतकी घट्ट बसली होती की उलगडली तरी परत वळायची. एका टोकावर मी विटा ठेवल्या, दुसऱ्या टोकावर अप्पा गुडघे रोवून बसले. वर निळं आभाळ, एक गोरीपान बाई, तिच्या कडेवर मूल, ते कुठंतरी बोट दाखवतंय. बोटाच्या खाली वरून काढलेलं एका जागेचं चित्र.

ओढा. वाकडा वळसा. वळशावर जांभूळ, तेवढं झाड त्यांनी ठेवलं होतं, शोभेला. आणि वळशाच्या कुशीत रस्ते, नंबर घातलेले चौकोन, हिरवा तुकडा, निळा हौद, ओढ्यालगत सोडलेली रेघ. खाली इंग्रजीत कसली तरी रिव्हर. आमच्या ओढ्याला रिव्हर!

अप्पा बराच वेळ बघत होते. गुडघा उचलला असता तर गुंडाळी परत वळली असती, म्हणून हलता येत नव्हतं.

"ह्ये कधी आणलंवतंस?"

"कागद काढायच्या आधी. पन्हा मोजल्याशिवाय कागद काढता येत नाही."

"आन् छापलं त्याच्या बी आधी."

"व्हय."

"म्हंजे कुनीतरी उभं राहून मोजून दिलं, ते त्याच्या बी आधी." त्यांनी एक बोट चित्रावर ठेवलं, वळशापासून हळूहळू डावीकडं नेलं आणि बांध असायला पाहिजे तिथं थांबवलं. चित्रात बांध नव्हता. "माझा बी हिस्सा धरलाय की ह्यात. दादानं शब्द दिला आसंल, भावाचं मी बगतो म्हनून."

मला आधी वाटलं ते सुटल्यासारखं. माझा कागद नव्हता! माझ्या कागदानं नव्हतं झालं! आणि लगेच त्या सुटण्याचीही लाज वाटली, कारण अप्पांचा चेहरा बघवत नव्हता. मग मात्र माझं टाळकं सरकलं. भंडारा आधीच विकलेल्या माणसानं माझा कागद मांडून मला चोर ठरवलं होतं. तिकीट मागितलं होतं माझ्याकडं! मी उठले, मागच्या खोलीकडं निघाले, हा फ्लेक्स त्यांच्या तोंडावर अंथरते म्हटलं.

"बस खाली," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. "वरडून काय व्हनार हाय? ह्यो तुकडा पाठीवर लाव. कापू नगंस. सबंद लाव."

मी सबंध लावला. चुकीच्या फोन नंबरासकट.

कॉलेजात ते मी स्वतःच घातलं. समोरून हौद, हिरवळ, दात. वर्ग हसला, मॅडमही हसल्या. मग मी पाठ केली आणि खाली वाकले, कारण वाकल्याशिवाय इरल्याची पाठ दिसतच नाही. लावणीला वाकतात तशी हात खाली नेऊन मी वाकले. हसणं विरत गेलं. मॅडम जवळ आल्या, वळशावर हात ठेवल्याचं मला पाठीवर जाणवलं. "ही जागा कुठली?" त्यांनी विचारलं. मी वाकलेलीच होते, जमिनीकडं बघत म्हटलं, "आमची." मार्क चांगले पडले. मला त्या मार्कांचाही संशय आला, दया म्हणून दिले असणार.

घरी आल्यावर इरलं अप्पांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि पुढच्या दाराच्या आत खुंटीला टांगलं, पाठ बाहेरच्या बाजूला करून. चुली वेगळ्या झाल्या तरी दार अजून एकच होतं. तात्या संध्याकाळी आले, पाय धुतले आणि दारात आले. मी चुलीपाशी बसून बघत होते. त्यांनी इरल्याकडं बघितलं. नीट बघितलं. मला वाटत होतं, काहीतरी बोलावं त्यांनी. खोटं बोलले असते तरी चाललं असतं, नवा मोबाईल घेतल्यापासून तेवढं तर शिकले होते. ते ओल्या पायांनी मागच्या खोलीत गेले. "पोरीच्या कागदापायी" हे त्यांच्या तोंडून पुन्हा कधी कुणी ऐकलं नाही.

अप्पांनी ते खुंटीवरून काढलं नाही. तात्यांनी काढा म्हटलं नाही. काकी जाता-येता पदर ओढून मान वळवायची.

महिना झाला नसेल, तात्यांनी मागच्या भिंतीला आपलं वेगळं दार पाडायला घेतलं. आजोबांनी बांधलेली मातीची जाड भिंत, सकाळपासून पहारीचे दणके चालू होते. चौकट बसवायला गवंडी टेप घेऊन आला, उंची मोजली, रुंदी मोजली, बाहेर रस्त्यावर उभं राहून दोनदा मोजली. येणारेजाणारे बघून गेले. काय इकायला काढलं, असं कुणीच विचारलं नाही.